मागवाल्यांची नवी गाडी

प्रिय सुभद्रा,

परवा नवी गाडी घरी आली. तुला कळलंच नसतं. फाटकातून आत शिरली, तुळशीला वळसा घालून शेडमध्ये उभी राहिली, आणि आवाज म्हणून नाही. मी ओसरीत पेपर वाचत बसलो होतो. मान वर केली तर समोर पांढरीशुभ्र गाडी, काचेवर हार, आणि आत आपला विजू हसतोय. दचकलो की गं! हिंगोलीच्या स्टँडवरची माणसं ज्याला चाळीस वर्षं, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो म्हणून, 'कानवाला गंगाधर' म्हणतात, त्याच्या पुढ्यात एवढं मोठं धूड येऊन उभं राहतं आणि त्याला पत्ता नाही.

अर्धी बॅटरीवर चालते म्हणे, अर्धी पेट्रोलवर. हळू चालली की इंजिन झोपतं. मी सवयीनं बॉनेटवर हात ठेवला, कान लावला. काही नाही. बारीक भुंग्यासारखं काहीतरी, तेही मी होतो म्हणून ऐकू आलं. मी विजूला म्हटलं, "ही चालू आहे का बंद?" तो म्हणाला, "बाबा, आता कानाचे दिवस गेले."

हे ऐकलं आणि वाटलं, तुला लिहावं. तुझं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. तिथं भटजी बोलतील, पाहुणे बोलतील, मला कुणी बोलू देणार नाही. आणि मला जे सांगायचंय ते पिंडाला सांगण्यासारखं नाही, तुला सांगण्यासारखं आहे.

गाडी कुठल्या कंपनीची ते विचारू नकोस. दुसऱ्या कुणाची असणार? तुझ्या मागवाल्यांचीच.

आठवतं का तुला, हे नाव कसं पडलं? भाड्याची काळीपिवळी जीप विकून आपण पहिली मोठी गाडी घेतली होती, जुनीच, नांदेडच्या एका डॉक्टरांची. माझ्या मनात धाकधूक होती. लहानपणी बाजारात एखादी हलकी वस्तू दिसली की आमचा म्हातारा नाक मुरडायचा, म्हणायचा, जपानी माल हाय, पोळ्यापर्यंत टिकत न्हाई. आणि मी कष्टाचं सगळं त्या जपानी गाडीत घातलेलं! पण तिचं इंजिन सकाळच्या गारठ्यात पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा जो आवाज आला, तो मी आजही विसरलो नाही. झाकणाचं भांडं मंद आचेवर रटरटावं तसा. कुठं ठोका नाही, कुठं खरखर नाही. डॉक्टर म्हणाले, पाटील, अजून ऐकायचंय का? मी म्हटलं, साहेब, मी पाटील नाही, पण अजून थोडं ऐकतो.

त्यानंतर कंपनीनं गाडीमालकांना एक दिवस ट्रेनिंगला बोलावलं. मी जेवण चांगलं असतं असं ऐकून गेलो होतो. टाय घातलेला एक पोरगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. या लोकांनी आधी गाड्या केल्याच नाहीत म्हणे, कापड विणायचे माग केले. थोरल्यानं असा माग केला की धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा. मग त्यानं पोराला सांगितलं, मी माग केला, तू गाडी कर. पोरानं केली. पहिल्या पहिल्या गाड्या तर रस्त्यात बंद पडायच्या. मग कंपनीचीच माणसं पान्हे घेऊन धावायची, दुरुस्त करायची, हात जोडून माफी मागायची. हे ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे यांनीही आपल्यासारखीच रस्त्यावर पडून सुरुवात केली आहे.

घरी येऊन मी तुला हे सांगत होतो आणि तू तुरीची डाळ निवडत होतीस. तुझे हात माग म्हटल्याबरोबर थांबले. "थांबायचा? आपोआप?" तू विचारलंस. मी म्हटलं, हो. तू सूप बाजूला ठेवलंस.

हट्ट्याला तुझ्या वडिलांचा हातमाग होता. तू सात-आठ वर्षांची असल्यापासून मागाजवळ बसायचीस, तुटलेला धागा बांधायला. तुझी बोटं बारीक, म्हणून. वडील ओरडायचे आणि तू जाऊन गाठ मारायचीस, अशी गाठ की कापडावरून हात फिरवला तरी लागू नये. धागा तुटलेला कळला नाही तर वीतभर लुगडं वाया जायचं, आणि ते कुणाच्या वाट्याला यायचं? तुझ्याच अंगावर यायचं, दोष असलेलं. ती सगळी दोष असलेली लुगडी नेसून तू लहानाची मोठी झालीस. तू म्हणालीस, "थांबणारा माग आमच्याकडं असता तं मला चांगलं कापड भेटलं असतं."

त्या दिवसापासून ती कंपनी म्हणजे 'मागवाले'. शोरूममधून फोन आला तरी तू म्हणायचीस, मागवाल्यांचा फोन हाय. जगात त्यांचं एवढं नाव, डोळे झाकून घ्या म्हणतात लोक, अन् आपल्या घरात त्यांचं नाव हे!

त्या टायवाल्या पोरानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कारखान्यात प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी असते. कुणाला काही बिघडलेलं दिसलं की त्यानं दोरी ओढायची, साहेब असो की झाडणारा असो. लगेच माणसं धावून येतात, आणि वेळेत निस्तरलं नाही तर सगळं काम थांबतं. थांबवणाऱ्याला कुणी बोलत नाही. आणि मग विचारायचं, हे का झालं? जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा, का? असं पाच वेळा. मी हे हसत सांगितलं. म्हटलं, आपल्या घरात तर तू दिवसभर काहून, काहून करतच असतेस, जपान्यांनी तुझ्याकडूनच शिकलं असेल.

तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडलीस, वडिलांच्या मागाचं जपून ठेवलेलं सूत काढलंस, लाल आणि हिरवं, त्याची दोरी वळलीस. गाडीत मागच्या सीटजवळच्या, वर धरायच्या मुठीपासून पुढं ड्रायव्हरच्या कानापर्यंत बांधलीस आणि टोकाला बैलाच्या पट्ट्यातलं घुंगरू अडकवलंस. नियम सांगितलास, घुंगरू वाजलं की गाडी थांबली पाहिजे. आधी थांबायचं, मग गोडीनं विचारायचं, काहून?

आपले ड्रायव्हर महेबूबभाई पोट धरून हसले होते. "भाभी, ये तो बस की घंटी हो गई." तू म्हणालीस, बसमधी कंडक्टर ओढतो, इथं पॅसेंजर ओढंल. फरक हाय.

खरंच होता गं फरक. पुढं गाड्या वाढल्या तशी प्रत्येक गाडीत तुझी दोरी आली. किती जणांनी ओढली ती दोरी! कळमनुरीची ती नवरी, मांडवातून निघून गाव सुटायच्या आत तिनं ओढली. सगळे वऱ्हाडी चिडले. महेबूबभाईंनी थांबवली. तिला काही नको होतं, आईच्या गळ्यात आणखी एकदा पडायचं होतं. नवरदेवाच्या मामानं तर झोपेत डुलकी खाऊन ओढली आणि जागा होऊन आपल्यालाच विचारलं, काहून थांबली? आणि त्या शाळेच्या मॅडम. त्यांनी ओढली कारण त्यांना रबर जळाल्याचा वास आला. उतरून बघतो तर मागचं चाक तापून लाल.

त्या दिवशी तू अंगणात खुर्ची टाकून बसलीस आणि चौकशी केलीस. चाक तापलं, काहून? ब्रेक अडकला. ब्रेक अडकला, काहून? माती गेली. माती गेली, काहून? गाडी कालव्यावर धुतली. कालव्यावर धुतली, काहून? महेबूबभाईंनी माझ्याकडं बघितलं. घरची धुवायची फरशी फुटली होती आणि ती बसवायचं मी दिवाळीपासून टाळत होतो. तू "चहा घ्या समदे" म्हणालीस. मी चहा न घेता गवंडी आणायला गेलो.

मला तुझी ती पद्धत आवडायची. पहिल्या 'काहून'ला माणूस चिडतो, दुसऱ्याला कारण सांगतो, पण नंतरच्याला खरं सांगतो. लोक पहिल्यावरच थांबतात आणि भांडण घेऊन घरी जातात.

आणि ती बातमी आठवते का? मागवाल्यांच्या गाड्यांत काही दोष निघाला, कितीतरी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यांचा मालक सगळ्या जगापुढं कमरेत वाकला. टीव्हीवर दाखवत होते. मला वाईट वाटलं. धंद्यात नाव कमवायला जन्म जातो. मी म्हटलं, बघ तुझे मागवाले. तू बराच वेळ बघत राहिलीस, मग म्हणालीस, "दोरी व्हती न त्यांच्याकडं? मंग?" मी म्हटलं, ओढली असेल कुणीतरी, ऐकलं नसेल. तू म्हणालीस, "ओढल्यावर ऐकायचं नसंल तं दोरी नसलेली बरी." आणि थोड्या वेळानं, "पण वाकला बघा. सगळ्यांपुढं वाकला."

सुभद्रा, मी आता त्याच दोरीवर येतो. टाळत होतो.

तुझा जिना चढतानाचा श्वास पहिल्यांदा मी ऐकला होता. वरच्या पायरीवर एक बारीक शीळ यायची. तू म्हणालीस, म्हातारी झाले. मी म्हटलं, वॉल्व्हचं काम दिसतंय. नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय मोठं झालंय. तू पदरात तोंड घालून हसलीस, म्हणालीस, "एवढ्या वर्षांनी कळलं का यांना." डॉक्टरही हसले. मग मात्र कुणी हसलं नाही. अंगात पाणी साठायचं, नांदेडला न्यायचो, काढायचे, घरी यायचो, पुन्हा साठायचं.

शेवटच्या वेळी श्रावण होता. विजू पुण्याला भाडं घेऊन गेला होता, संध्याकाळी परतणार होता. सूनबाई मागून डबा घेऊन येणार होती. मी गाडी चालवत होतो, तू मागच्या सीटवर उशीला टेकून. कळमनुरी सोडली. डोंगरकडा अजून यायचं होतं. आणि घुंगरू वाजलं.

मी बाजूला घेतली. मागं वळून विचारलं. तू सांगितलंस. मी पुन्हा विचारलं, तू पुन्हा सांगितलंस. मग मी काही विचारलं नाही. गाडी वळवली.

त्यानंतर तू घरीच होतीस. डॉक्टर फोनवर गोळ्या सांगायचे. पोळ्याला तू खुर्चीत बसून सगळ्या गाड्यांना ओवाळलंस, नेहमीसारखं, महेबूबभाईंच्या हातावर पुरणपोळी ठेवलीस. पोळ्यानंतर फार दिवस नाही राहिलीस.

विजू मला फक्त एकदाच बोलला. तू गेल्यावर, दहावा झाला त्या दिवशी. पोरगं माझ्याकडं न बघता म्हणालं, "काहून थांबलात, बाबा? आजारी माणूस म्हणतंच घरी चला. आपण न्यायचं असतं." मी म्हटलं, तिनं दोरी ओढली. तो म्हणाला, "दोरी!" आणि उठून गेला.

दुसरा 'काहून' त्यानं विचारला नाही. आणि विचारला नाही म्हणून मीही सांगितलं नाही. तुला माहीत आहे मी का सांगितलं नाही. मला तो राग चालत होता. बापावर राग असला तर पोरगा कामाला जातो, जेवतो, झोपतो. पण ते दुसरं त्याला कळलं असतं तर? ते घेऊन तो स्टेअरिंगवर कसा बसला असता?

महिन्याभरानं एका बड्या कार्यालयाचं काम मिळालं, साहेबांच्या येण्याजाण्याचं. चांगलं काम आहे, नियमाचं. साहेबांच्या गाडीत घुंगरू शोभत नाही, असं म्हणून विजूनं सगळ्या दोऱ्या सोडायला काढल्या. महेबूबभाई माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, सोडू द्या. धंदा त्याचा आहे आता. पण तुझ्या गाठी कुणाला सुटेनात. विजूनं कात्री मागितली, मग नाही वापरली. बसून, एक एक करून, नखानं सोडल्या. मी ओसरीतून ऐकत होतो. प्रत्येक घुंगरू डब्यात पडताना वाजत होतं.

वर्षभर आम्ही एका घरात राहिलो, एका ताटलीतली भाकरी खाल्ली, आणि गाडीचं सोडून दुसरं काही बोललो नाही. टायर बदलायचा का, विम्याचं काय, पासिंग कधी. तुझं नाव निघालं की तो उठायचा. इतका तुझ्यासारखा आहे गं, गप्प बसायचं ठरवलं की दगड!

काल सकाळी नवी गाडी नरसीला न्यायची होती. तुझा शिरस्ता, कुठलीही गाडी आधी नामदेवापुढं, मग भाड्याला. विजूच म्हणाला, चला बाबा. मी सवयीनं पुढं बसायला गेलो तर पुढच्या सीटवर हार, नारळ, पेढे. मग मागं बसलो. तुझ्या जागी. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःच्या गाडीत पॅसेंजर म्हणून बसलो.

मागून जग वेगळंच दिसतं, नाही? ड्रायव्हरचा फक्त कान दिसतो आणि मानेवरचे केस. विजूचे पिकायला लागलेत. तुला माहीत होतं का?

आणि गाडीला आवाज नव्हता. चाळीस वर्षं मी इंजिन ऐकत आलो, त्याच्या आड बाकीचं काय काय राहून गेलं कोण जाणे. काल गावाबाहेर पडेपर्यंत इंजिन झोपलेलं होतं, आणि मला पोराचा श्वास ऐकू आला. तो रडत नव्हता. पण श्वास घेताना मध्येच अडकत होता, धागा अडकावा तसा. एकदा, पुन्हा एकदा. नवी गाडी, देवाला निघालेली, आणि आई नाही.

माझा हात आपोआप वर गेला, मुठीकडं. तिथं दोरी नव्हती. मी नुसती मूठ धरून बसलो. आरशात विजूनं ते बघितलं.

बरंच पुढं गेल्यावर तो म्हणाला, "त्या दिशी आईनं दोरी वढली, तवा तुमी विचारलं व्हतं का, काहून?"

"व्हय," मी म्हटलं.

"काय म्हणली?"

"घरी चला म्हणली."

"काहून?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. तो वाट बघत होता. त्यानं आवाज चढवला नाही, गाडी जोरात घेतली नाही. सुभद्रा, तो पहिल्या 'काहून'वरच उठून गेला म्हणून वर्षभर मी त्याची चूक काढत होतो, आणि इथं पोरगा पुढचं विचारत होता आणि गप्प मी होतो. दोरी कुणीतरी ओढलीच होती म्हण ना. मग ऐकायला नको?

मी सांगितलं. म्हटलं, आई म्हणाली, तिथं रात्रभर मशीन टिकटिक करतं, दुसरं काही ऐकू येत नाही. घरी अंथरुणात पडल्या पडल्या मला एक एक गाडी आत येताना ऐकू येते. महेबूबची आली, पांढरी आली, जुनी आली. सगळ्या आल्या की मगच डोळा लागतो. तिथं निजले तर कोण आलं अन् कोण यायचं राहिलं हे मला कसं कळणार?

विजू म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि मग हळूच, "अजून काय म्हणली?"

त्याला कळलं होतं गं की अजून आहे. शेवटी तुझंच लेकरू.

मी म्हटलं, "म्हणली, आज विजू पुण्याहून येऊन राहिला. लांबचा रस्ता हाय. त्याची गाडी आल्याशिवाय मला कुठं न्हेऊ नका."

त्यानं गाडी बाजूला घेतली. ब्रेक इतका अलगद की देवाचे पेढेसुद्धा हलले नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसला. माझ्या मनात आलं, चुकलो. वर्षभर झाकलं ते झाकलेलंच ठेवायचं होतं, आता हे ओझं याच्या मानेवर.

मग तो बोलला. म्हणाला, त्या दिवशी दिवेलागणीला मी आलो. नांदेडला फोन लावून लावून थकलो होतो, घरी येऊन बघतो तर आई घरातच. मी खोलीत गेलो. मला वाटलं विचारेल, जेवलास का, कसा आहेस. तर डोळे न उघडताच म्हणाली, आली का गाडी. मी म्हटलं, आली. ती कूस बदलून झोपली. मला राग आला होता बाबा. एवढ्या लांबून, पुण्याहून पोरगं आलंय आणि ही गाडीचं विचारून राहिली.

 तो आरशात बघत होता, माझ्याकडं नाही, मागच्या रिकाम्या रस्त्याकडं. मग एकदम हसल्यासारखा आवाज त्याच्या घशातून आला आणि तो स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. माझा हात त्याच्या पाठीपर्यंत पोचत होता. मागच्या सीटचा हा एक फायदा.

ओझं वाटेल असं मला वाटलं होतं. पण तसं नाही दिसलं. वर्षभर त्याला वाटत होतं की आपण वेळेवर नव्हतो. तो वेळेवर होता. तू त्याची वाट बघितलीस आणि तो आला. हे मला वर्षभर का कळलं नाही, सांग बरं? कानवाला म्हणवून घेतो.

नरसीला नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. पायरीवर बसून विजूनं खिशातून रुमाल काढला, त्यात लाल-हिरवी दोरी. सोडलेल्यांतली एक. घरून निघतानाच आणली होती त्यानं, माझं काही ऐकायच्या आधीच. मी म्हटलं, काहून आणली? म्हणाला, "देवापुढं ठेवायची व्हती. सोडल्या तेव्हापासून जमत नव्हतं."

देवापुढं ठेवली, उचलली, आणि गाडीत येऊन मुठीला बांधली. मी बघत होतो. मी इतक्या वर्षांत कितीदा ती दोरी बांधायला गेलो, माझी गाठ दोन दिवसांत घसरायची, तू म्हणायचीस, तुमच्या हाताला पान्हाच शोभतो. विजूनं दोन बोटांत सूत धरलं, वळवलं, अंगठ्यानं दाबलं, झालं. मी वरून हात फिरवला. गाठ हाताला लागली नाही.

हे तू त्याला कधी शिकवलंस? मला कधी सांगितलं नाहीस. का तो फक्त तुझ्याजवळ बसून बघत राहिला?

साहेबांच्या गाड्यांना मात्र तो दोरी लावणार नाही म्हणतो. म्हणतो, बाबा, घुंगरू वाजलं तर साहेब दचकतील. मी ताणलं नाही. तुझ्या मागवाल्यांनी माग सोडून गाडी धरली तेव्हा त्यांच्या घरातही असंच कुणीतरी गप्प बसलं असेल.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा मागंच बसलो. विजूनं आरशात बघून विचारलं, "तुमी पण वढसाल का अशी? आईसारखी?" मी म्हटलं, वेळ आली तर ओढीन. त्यानं नजर रस्त्याकडं वळवली. थोड्या वेळानं म्हणाला, "थांबीन मी."

म्हणून आता तुला शब्द देतो. ही दोरी कुणीही ओढो, आधी थांबायचं आणि मग विचारायचं, आणि पहिल्या उत्तरावर उठून जायचं नाही. हे मी पाळीन, आणि पोराकडून पाळून घेईन. माझ्यावर वेळ आली की मीही ओढीन, उगाच मर्दपणा करणार नाही. आणि या घरात एकही गाडी मुक्यानं आत येणार नाही. जपान्यांनी कितीही शांत केली तरी.

हा शेवटचा शब्द खरं तर माझा नाही. काल संध्याकाळी विजू त्याच गाडीतून पहिलं भाडं सोडून परत आला. मी ओसरीत होतो. फाटक उघडल्याचं ऐकू आलं, मग काहीच नाही. मग तुझ्या खिडकीखाली गाडी थांबवून त्यानं हॉर्न दाबला, एकदाच, हलका. सूनबाई बाहेर आली, म्हणाली, कोण आलं? मी विजूला म्हटलं, घरात शिरताना हॉर्न काहून?

किल्ली खुंटीला लावत तो म्हणाला, "आईला कळाया पाहिजे न, आली म्हणून."

आली बघ, सुभद्रा. सगळ्या आल्या. आता झोप.

तुझेच,
विजूचे बाबा